कौतुक नको, वाटेकरी हवेत

स्वमग्न मुलाला टाइप १ मधुमेहही असला, की त्याच्या आईचे सगळे तोंड भरून कौतुक करतात. ‘तूच करू जाणे, बाई’ असे म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. या कौतुकाकडे जरा संशयाने पाहायला हवे. ही आई जे करते त्यात माया असतेच, पण त्याहून अधिक असतो तो हिशेब आणि निरीक्षण. हिशेब शिकवता येतो, निरीक्षण कागदावर उतरवता येते, दोन्ही दुसऱ्याच्या हाती सोपवता येतात. त्यालाही मायाच म्हटले की ते सोपवायचा प्रश्नच उरत नाही. आणि जे फक्त एकाच माणसाला ठाऊक आहे, त्यावर मुलाचा जीव टांगलेला राहतो.

टाइप १ मधुमेहात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोत लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी अशी मुले फार दिवस जगत नसत. आज जगतात, पण त्यासाठी दिवसातून अनेकदा सुई घ्यावी लागते, बोट टोचून साखर पाहावी लागते आणि किती खाल्ले, किती धावले याचा मेळ बसवावा लागतो. रक्तातली साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरली की घाम फुटतो, हातपाय थरथरतात, चिडचिड होते, काही सुचेनासे होते. एरवी मूल ‘मला कसंतरी होतंय’ म्हणते. अनेक स्वमग्न मुलांना मात्र शरीराच्या आत काय चालले आहे ते ओळखणे किंवा सांगणे जड जाते. असे मूल किंचाळते, डोके आपटते, नाहीतर एकदम गप्प होते, आणि बघणारा म्हणतो, ‘याचं नेहमीचंच आहे.’ खरा धोका या वाक्यात आहे. जेवणाचेही तसेच. मोजकेच पदार्थ चालणाऱ्या मुलाने सुई घेतल्यावर ताट सरकवले, तर टोचलेले इन्सुलिन परत काढता येत नाही. म्हणून काही मुलांना डॉक्टर जेवणानंतर लगेच इन्सुलिन द्यायला सांगतात. उलट, ठरलेली वेळ आणि ठरलेला क्रम यांची ओढ असलेले मूल सुईलाही दिनक्रमात सामावून घेऊ शकते. हे सारे आई अनुभवाने शिकते आणि त्यातून एक नियम हाती लागतो: वागणे अचानक बदलले की आधी साखर बघायची, स्वभावाचे नंतर.

विदर्भात कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावात हा नियम किती जणांना माहीत असेल? आपली व्यवस्था मुलाला दोन वह्यांत लिहिते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, विदर्भाच्या ओळखीचा सिकलसेलही आहे, मधुमेह नाही. प्रमाणपत्र एकीकडे, इन्सुलिनची चिठ्ठी दुसरीकडे, आणि दोन्ही वह्यांची गाठ पडते ती फक्त आईच्या डोक्यात. गरीब घरांतल्या मधुमेही मुलांपर्यंत इन्सुलिन पोहोचवता येते, हे नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांच्या ड्रीम ट्रस्टने दाखवले आहे. पण कुपी घरी आल्यावर मे महिन्यात वीज गेली तर ती माठाच्या गारव्यात ठेवायची, हे गावातच कुणाला तरी माहीत असावे लागते. शाळेच्या मधल्या सुट्टीत खिचडी अर्धी टाकली, हेही तिथेच कुणीतरी पाहावे लागते.

कुणी म्हणेल, दोन्ही एकत्र असलेली मुले अशी कितीशी? थोडीच. पण साखर तपासायला शिकलेली शाळा प्रत्येक मधुमेही मुलाच्या कामी येते, आणि वागण्यामागे दुखणे असू शकते हे जाणणारी शाळा, दाढ दुखतेय हे सांगता न येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शिक्षक किंवा आशाताई म्हणजे डॉक्टर नव्हेत, चूक झाली तर जबाबदार कोण? म्हणूनच इन्सुलिनचा डोस ठरवणे त्यांच्यावर टाकू नये. लक्षण ओळखणे, बोट टोचून आकडा पाहणे, साखर कमी असेल आणि मूल शुद्धीत असेल तर १५ ग्रॅम साखर पाण्यातून देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासणे, आणि फोन करणे, एवढेच त्यांचे काम. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठायचा. सीबीएसईने २०१७ मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या खोलीत साखरेच्या गोळ्या आणि फळे न्यायची मुभा दिली. शिस्तीला धक्का न लावता शाळेला जागा करून देता येते. धोका काही केल्याने वाढेल ही भीती खरी, पण घसरत्या साखरेत नुसते बघत बसणे त्याहून घातक. तिसरा आक्षेप आईचाच असतो: ‘माझ्यावाचून त्याला कुणी कळायचं नाही.’ ते आज खरे आहे, कारण तिचे जाणणे कुणी लिहूनच घेतलेले नाही.

तेव्हा शाळेत त्या मुलाच्या नावाचा एक कागद असावा: तो कशाने बिथरतो, कोणत्या बोटाला टोचू देतो, साखर कमी झाली की काय करतो, गोड म्हणून काय घेतो. दरवर्षी तो आईने आणि डॉक्टरांनी मिळून तपासावा. गावाने कसोटीही साधीच लावावी. ती माउली चार दिवस तापाने अंथरुणाला खिळली, तर मुलाची एकही सुई चुकता कामा नये.