आधी त्रास, मग गुण

नैराश्यावरची गोळी सुरू झाली की पहिल्या आठवड्यात पुष्कळांना उलटाच अनुभव येतो. मन होतं तसंच खिन्न, वर मळमळ, डोकेदुखी, रात्रभर टक्क जाग. घरातलं कुणी म्हणतं, "उष्ण पडली गोळी, बंद कर." आणि गुण यायच्या आतच औषध सुटतं.

हा त्रास आधी का येतो? एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन अशा गोळ्या सेरोटोनिन हे संदेश वाहणारं रसायन पेशींत परत शोषलं जाणं रोखतात. हे काम काही तासांतच सुरू होतं. पण शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन असतं आतड्यांत. म्हणून पहिली तक्रार पोटाची. मन सावरायचं तर मेंदूला या बदलाशी जुळवून घ्यावं लागतं. त्याला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा-आठही. तोवर मळमळ बहुधा ओसरलेली असते. त्रास झाला म्हणजे औषध लागू पडत नाही, असा अर्थ नव्हे.

मधले दिवस निभावता येतात. डॉक्टर अनेकदा अर्ध्या गोळीने सुरुवात करतात, ती त्यासाठीच. जेवणानंतर गोळी घेतली तर मळमळ कमी होते. झोप उडत असेल तर सकाळी आणि गुंगी येत असेल तर रात्री घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारावं. कोणता त्रास कधी होतो, ते रोज दोन ओळींत लिहून ठेवावं.

मात्र सगळंच सोसायचं नसतं. कामेच्छा मंदावणं पुष्कळदा आपोआप जात नाही; डोस किंवा औषध बदलून त्यावर मार्ग निघू शकतो, पण त्यासाठी संकोच सोडून बोलायला हवं. जीव थाऱ्यावर नसावा अशी अस्वस्थता किंवा जीव द्यावासा वाटणं, हे मात्र त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालावं. पंचविशीच्या आतल्यांच्या घरच्यांनी सुरुवातीला विशेष लक्ष ठेवावं. 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो.

आणि बरं वाटलं म्हणूनही गोळी एकदम सोडू नये. चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेसारखे झटके येऊ शकतात. सुरुवात हळूहळू झाली, तशीच सुटकाही डॉक्टरांच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्यानेच व्हावी.