घेणं हीसुद्धा सेवाच





आपल्यातले काही जण परगावी, परदेशी मुलांना शिकवायच्या सेवेला जातात. समजा तिथे पूर आला, रस्ते तुटले. ज्यांना द्यायला गेलो त्यांच्याच घरी आठ दिवस जेवायची वेळ आली. मग ती सेवा राहिली, की आपणच त्यांच्यावर ओझं झालो?

सिंधीपुऱ्यात आम्ही भगिनी यावर बोललो, तेव्हा 27 जुलै 2019 ची गोष्ट निघाली. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ अडकली. हजारावर प्रवासी, त्यात नऊ गरोदर बाया. एनडीआरएफचे जवान बोटी घेऊन आले, आसपासचे गावकरीही धावले. तिथे साहेब काय नि गुरुजी काय, सगळ्यांना दुसऱ्याचाच हात धरावा लागला.

आम्हाला वाटतं, देताना मनात बारीकसा 'मी' बसलेला असतो. घेताना तो गळतो. म्हणून मिळेल ते संकोच न करता घ्यावं. पण मर्यादा पाळावी. आधी घरातली लेकरं, म्हातारी माणसं, मग आपलं ताट. भांडी घासावी, घाबरलेल्या मुलांना जवळ बसवून पाढे म्हणवून घ्यावे. बोट आली तर पाहुणे म्हणून पहिली जागा मागू नये.

आपण तापीकाठचे, पूर आपल्याला नवा नाही. आपल्या दारी कोणी अडकला, तर त्यालाही ओशाळं वाटू देऊ नका. आज जेवताना मुलांशी यावर जरूर बोला.

– सेवेकरी भगिनी, सिंधीपुरा, बऱ्हाणपूर