अट कुठून आली?

तालुक्याच्या कोर्टात एक कारकून होते. सही करण्याआधी कागद मागून-पुढून वाचायचा, एवढीच त्यांची विद्या. त्यांची मुलगी डॉक्टर झाली. तिने अमेरिकेच्या परीक्षा दिल्या आणि तिथल्या एका रुग्णालयात तिला रेसिडेन्सी मिळाली.

त्यासाठी जे-१ व्हिसा लागला. इकडच्यांनी तिकडे जावं, शिकावं, शिकवावं आणि आपल्या देशी परतावं, या हेतूने १९६१च्या कायद्यावर उभा राहिलेला हा व्हिसा. डॉक्टरला तर आधी आपल्या सरकारचं पत्र आणावं लागतं, की या विषयाच्या डॉक्टरांची आमच्या देशाला गरज आहे. शिवाय शिकून परत येईन, असं स्वतः लिहून द्यावं लागतं. दिल्लीहून पत्र आलं. वडिलांनी ते दोनदा वाचलं. मुलीने सह्या केल्या.

“वाचलंस का गं?” वडिलांनी विचारलं.

“सगळेच करतात बाबा,” ती म्हणाली. तिकीट काढायची घाई होती.

तिकडे तिला एक मैत्रीण भेटली. भारतातलीच, पदार्थविज्ञानात संशोधन करणारी, तीही जे-१वर. दोघींना एकच अट होती. काम संपल्यावर मायदेशात एकूण दोन वर्षं राहायचं. त्याशिवाय एच-१बी नाही आणि ग्रीन कार्डही नाही. सुट्टीच्या दिवशी दोघी स्वयंपाक करता करता त्या अटीला मनसोक्त नावं ठेवत.

९ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेने नवी यादी लागू केली. कोणत्या देशाला कोणत्या कौशल्यांची गरज आहे, याची ती यादी. तिच्यातून भारताचं नाव गेलं. मैत्रिणीला अट लागली होती ती या यादीमुळे. तिच्या संशोधनाला कुठल्याही सरकारचा पैसा नव्हता. ती मोकळी झाली. तिने शिरा केला.

मुलीने घरी फोन लावला. “बाबा, मीही सुटले!”

“कशी?”

“यादीतून भारत गेला.”

“तुझी अट यादीतून आली होती का?”

तिने कागद काढले. तिची अट यादीतून आलीच नव्हती. ती डॉक्टरकीच्या प्रशिक्षणालाच चिकटलेली होती. आपल्या सरकारकडून ना-हरकत आणून काहीजण या अटीतून सुटतात. पण असं प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांना ती वाटही बंद.

राहिल्या मुख्यतः दोन वाटा. दोन वर्षं घरी यायचं, किंवा अमेरिकेतच जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम करायचं. दुसऱ्या वाटेवर एकेका राज्याला वर्षाला तीसच जागा. तिने अर्ज केला, तिला जागा मिळाली, आणि ती एका लहानशा गावी रुजू झाली. वडील म्हणाले, “चांगलं झालं. तिथेही गरजच आहे.”

दोघींच्या कागदावर ओळ तीच होती, तिची मुळं मात्र निराळी. शेजाऱ्याची गाठ सुटली की आपलीही सुटली, असं माणसाला फार लवकर वाटतं.

म्हणून जे-१वर निघणाऱ्यांनी एवढं करावं. दोन वर्षांची अट आपल्याला लागू आहे का, आणि असली तर सरकारी पैशामुळे, यादीमुळे की वैद्यकीय प्रशिक्षणामुळे, हे सही करण्याआधी विचारून घ्यावं.