मूकपटातील अद्भुत आणि तानशाकाठची कथा

मुंबईच्या नळांना तानशाचे पाणी मिळू लागले ते १८९२ साली. त्याच वर्षी, या तलावापासून काही कोसांवर असलेल्या कल्याण गावी महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या ‘शांबरिक खरोलिके’चा खेळ प्रथम लोकांपुढे मांडला. काचेवर हाताने रंगविलेली पुराणांतील चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडावयाची, आणि चित्रे सरकत असता निवेदन, संवाद व गाणी जिवंत माणसांनी म्हणावयाची, असा तो खेळ होता. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध कसलाही नाही. परंतु त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक प्रश्न उभा राहतो. ज्या शहापूर-मुरबाडच्या रानातून मुंबईने पाणी नेले, इमारती लाकूड नेले, कोळसा नेला, गवत नेले, आणि जंगलखात्याच्या दप्तरात या सर्वांची चोख नोंदही ठेवली, त्या रानातील कथा तेवढ्या तिने का नेल्या नाहीत? पुढे वीस-एकवीस वर्षांनी याच मुंबईत मूकपटाचा धंदा उभा राहिला. त्याला अद्भुताची भूक अपार होती. आणि रेल्वेने काही तासांच्या अंतरावर ठाकर, वारली व कातकरी यांच्या पाड्यांवर बोलणारे वाघ, रूप पालटणाऱ्या राण्या आणि सात भावांच्या एकुलत्या एक बहिणी यांच्या कथांना तोटा नव्हता.

‘शहरी माणसाची तुच्छता’ हे उत्तर चटकन सुचते आणि ते अगदीच खोटे नाही. पण ते पुरे पडत नाही. युरोपात मूकपट आणि परीकथा यांचा सांधा कसा जुळला हे पाहिले, म्हणजे निराळेच कारण दिसू लागते. पॅरिसमधील जॉर्ज मेलिएस हा मूळचा जादूगार, जादूच्या प्रयोगांसाठी गाजलेल्या एका नाट्यगृहाचा मालक. त्याने १८९९ साली ‘सिंड्रेला’ पडद्यावर आणली. भोपळ्याचा रथ झाला, उंदरांचे सेवक झाले, आणि हे सारे पाचसहा मिनिटांत, एकही शब्द न उच्चारता प्रेक्षकांना कळले. कळले कसे? तर ही कथा सतराव्या शतकात पेरोने लिहून ठेवली होती, गुस्ताव्ह दोरेने तिची चित्रे काढली होती, आणि पॅरिसच्या रंगभूमीवर तिचे झगझगीत खेळ होऊन गेले होते म्हणून. इंग्लंडात सेसिल हेपवर्थने पर्सी स्टोच्या साहाय्याने १९०३ साली ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ काढला, तेव्हा त्याने जॉन टेनिएलची चित्रे समोर ठेवून वेष व दृश्ये सजविली. सारांश, मूकपटाने परीकथा सांगितली असे आपण म्हणतो ते तितकेसे खरे नव्हे. जी कथा आधीच सांगून झाली होती, आणि जिला चित्रकाराने एकदा चेहरा देऊन ठेवला होता, तीच त्याने हलवून दाखविली.

आता आपल्याकडे वळू. दादासाहेब फाळके १९१२ च्या आरंभी लंडनला गेले, तेव्हा चित्रपटाची कृती शिकण्यासाठी वॉल्टन येथील ज्या चित्रशाळेत त्यांना प्रवेश मिळाला, ती याच हेपवर्थची. योगायोग एवढ्यावरच थांबत नाही. मेलिएसप्रमाणे फाळकेही जादूचे प्रयोग करीत. स्वतःचे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते लोकांपुढे येत. पण माझ्या मते जादूपेक्षाही महत्त्वाची गोष्ट ही की, मुंबईच्या कलाशाळेत शिकलेल्या या गृहस्थांनी रविवर्म्याच्या चित्रांच्या छापखान्यासाठी काम केले होते. घरोघरच्या भिंतींवर टांगली गेलेली लक्ष्मी, सरस्वती, दमयंती आणि शकुंतला ही त्या छापखान्याची निर्मिती. देव कसा दिसतो याविषयीची लोकांची कल्पना त्या रंगीत छापांनी पक्की केली होती. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा राजा, राणी आणि राजपुत्र यांचे जे पहिले कौटुंबिक दृश्य प्रेक्षकांनी पाहिले, त्यात रविवर्म्याच्या चित्रांची ठेवण कुणालाही ओळखू यावी अशी होती.

चेहरा म्हणतो तो नाकाडोळ्यांच्या अर्थी नव्हे. फाळक्यांच्या ‘लंकादहना’त अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, आणि प्रेक्षक तरीही हात जोडीत राहिले, कारण त्यांनी ओळखला तो साळुंक्यांचा चेहरा नव्हे, तर मुकुट, धनुष्य, उभे राहण्याची ढब आणि पदर यांनी ठरून गेलेली प्रतिमा. १९१९ च्या ‘कालियामर्दना’च्या आरंभी फाळक्यांनी याचे रहस्य जणू उघड करून दाखविले आहे. प्रथम त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी समोर येते. हसते, रुसते, भिते, असे भाव एकामागून एक करून दाखविते. आणि मग त्याच मुलीवर हळूहळू कृष्णाचा वेष उमटत जातो. मूल एका घरचे आहे, हे प्रेक्षकाला आधीच सांगून टाकले. तरी पुढच्याच क्षणी तो तिला कृष्ण म्हणून स्वीकारतो. ठरलेल्या प्रतिमेचे सामर्थ्य याहून निराळ्या प्रयोगाने सिद्ध करण्याची गरज राहत नाही.

यावर कुणी म्हणेल की हा सगळा बाजाराचा मामला आहे. पुराणकथा काशीपासून रामेश्वरापर्यंत सर्वांना ठाऊक, ठाकरांची गोष्ट दहा गावांपलीकडे कुणाला माहीत नाही, आणि पैसा घालणारा शेठ दहा गावांसाठी फिल्म काढीत नाही. हा आक्षेप वजनदार आहे आणि मी तो मान्य करतो, पण अर्धाच. कोहिनूर कंपनीचा ‘गुल-ए-बकावली’ १९२४ साली धो धो चालला, आणि ती काही पुराणकथा नव्हती. मात्र ती पारशी नाटक मंडळ्यांच्या रंगभूमीवरून आली होती. परीचे पंख, शहजाद्याचा फेटा, बागेतील कारंजे हे सारे तेथे आधीच ठरून गेलेले होते. म्हणजे बाजारालाही अखेर चेहराच हवा होता.

तानशाकाठच्या कथेला असा चेहरा नाही. सांगणारा म्हातारा शेकोटीपाशी बसतो, ऐकणाऱ्यांपैकी एकाने हुंकार द्यावयाचा असतो, आणि हुंकार थांबला की गोष्टही थांबते. गोष्टीतील वाघ कसा दिसतो हे तो कधीच सांगत नाही, कारण वाघ कसा दिसतो हे त्या पाड्यावर सांगावे लागत नाही. तो फक्त आवाज बदलतो, आणि वाघ बोलू लागतो. भगत घांगळीच्या साथीवर कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, कथा गातो, तेव्हा कणसरीचे रूप त्या सुरांत आणि दाण्यांत असते. तिचा छाप काढून भिंतीवर लावण्याची कल्पना कुणाच्या मनात येत नाही. ज्याचे सर्वस्व आवाजात आहे ते मुक्या यंत्रापुढे कसे उभे राहणार?

वारल्यांकडे चित्र नाही काय, असे कुणी विचारले तर प्रश्न रास्त आहे. लग्नघराच्या गेरू फासलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला देवचौक आणि त्यात बसलेली पालघाट देवी हे चित्रच आहे, आणि थोर चित्र आहे. परंतु त्यातील त्रिकोणी माणसांना नाकडोळे नसतात. आणि धवलेरीने, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईने, गाणी म्हटल्याखेरीज तो चौक पुरा होत नाही. येथे मला जर्मनीतील लोटे रायनिगर हिची आठवण होते. काळ्या कागदाच्या कापलेल्या आकृत्या प्रकाशावर ठेवून तिने अरबी कथांवरचा ‘प्रिन्स आख्मेद’ १९२६ साली पुरा केला. त्यातील माणसांना चेहरे जवळजवळ नाहीतच, आणि तरी तो मूकपट अद्भुताने भरलेला आहे. म्हणजे दुसरी वाट होती. दादरच्या चित्रशाळांपासून अवघ्या काही कोसांवर, पांढऱ्या पिठाच्या आकृत्यांची एक सबंध भाषा तयार होती. पण मुंबईला तिची वार्ता लागली ती १९७० च्या दशकात, मूकपट संपल्याला चाळीस वर्षे होऊन गेल्यावर. वारल्यांवरील के. जे. सावे यांचे पुस्तकही १९४५ चे, आणि ठाकरांवरील ल. ना. चापेकरांचे १९६० चे. त्याआधी या लोकांची ओळख सरकारी गॅझेटियरच्या पानांत होती, आणि तेथे त्यांचे कपडे, दारू व लग्ने यांचा तपशील आहे.

तेव्हा दोष मूकपटाच्या मुकेपणाचा असेल, तर बोलपट आल्यावर तो दूर व्हावयास हवा होता. तसे झाले नाही. पहिला मराठी बोलपट, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’, १९३२ साली आला, आणि त्याची कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच. आवाज मिळाला तो राजघराण्याला. वीस वर्षांत धंद्याला एक सवय जडून गेली होती, आणि सवय यंत्रापेक्षा उशिरा बदलते. माझ्या उपपत्तीला येथे धक्का बसतो हे मी लपवीत नाही. पण जेव्हा केव्हा सह्याद्रीच्या ठाकरांचे अद्भुत खरोखर पडद्यावर आले, तेव्हा ते कोणत्या दाराने आले हे पाहिले पाहिजे. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा जब्बार पटेलांचा ‘जैत रे जैत’ १९७७ सालचा. ढोल वाजविणारा नाग्या, लिंगोबाचा डोंगर आणि त्याच्या कड्यावरची राणी माशी ही त्यातील कथा. लिंगोबाला तेथे मूर्ती नाही, मुकुट नाही. कॅमेरा नुसता काळा कडा दाखवितो. तो कडा देव आहे हे प्रेक्षकाला पटते ते ना. धों. महानोरांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांच्यामुळे. एवढेच नव्हे, तर कथा पुढे नेण्याचे कामही बव्हंशी गाणाऱ्या मंडळींकडेच दिलेले आहे. पटवर्धनांच्या खरोलिकेत पडद्याशेजारी उभे राहून गाणारी माणसे फाळक्यांच्या पडद्यापाशी येऊन गप्प झाली होती. कल्याणहून निघालेली ती रीत पंचाऐशी वर्षांनी, ठाकरांची गोष्ट सांगावयाची वेळ आली तेव्हा, दिग्दर्शकाला पुन्हा हाती घ्यावी लागली.