नाटकं नाहीत ती!

पालकहो, बसा. मोबाइल खिशात ठेवा आणि मी बोलतो ते शेवटपर्यंत ऐका. आज मुलांच्या मार्कांचा विषय निघणार नाही. आज तुम्हाला चार शब्द सुनावायचे आहेत.

वर्षभर तुमच्यापैकी कितीतरी जण माझ्याकडे एकच गाऱ्हाणं घेऊन येतायत. "सर, रविवारी टेस्ट असली की हिच्या पोटात दुखतं. नाटकं करते." "सर, पेपर हातात पडला की याला दरदरून घाम फुटतो, म्हणतो सगळं विसरलो. अभ्यासच केला नसेल." नाटकं? सतरा वर्षांचं लेकरू घरापासून लांब, लातुरात भाड्याच्या खोलीवर राहतं, पहाटे उठतं, उलटी करतं, तोंड धुतं आणि तरी क्लासला जाऊन बसतं. हे नाटक ते कोणासाठी करेल? निदान पोटच्या पोरावर आरोप करण्याआधी दोन मिनिटं विचार करा.

मी जीवशास्त्र शिकवतो, म्हणून पुस्तकातलंच सांगतो. अकरावीच्या पुस्तकात ॲड्रेनॅलिनला आणीबाणीचं संप्रेरक म्हटलंय. धोका दिसला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ते रक्तात सोडतात. काळीज धडधडतं, श्वास वाढतो, घाम सुटतो. पोटाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, कारण शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीला लागलेलं असतं. म्हणून मळमळतं, म्हणून पोटात कळ येते. तुमची मुलगी यावरच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर लिहिते, तेव्हा तिला चार मार्क मिळतात. तेच संप्रेरक तिच्या अंगात उसळतं, तेव्हा तुम्ही तिला नाटकी म्हणता!

वाघ समोर आला आणि निघून गेला, तर शरीर थोड्या वेळात शांत होतं. पण तुम्ही वाघ घरातच बांधून ठेवलाय. सकाळी फोनवर मार्क विचारता, दुपारी शेजाऱ्याच्या पोराला किती पडले ते सांगता, रात्री कर्जाचा हप्ता ऐकवता. मग कॉर्टिसॉल नावाचं दुसरं संप्रेरक महिनोन्‌महिने चढंच राहतं. त्यानं झोप उडते, प्रतिकारशक्ती घटते, सर्दी-ताप पाठ सोडत नाही, डोकं दुखतं, मुलींची पाळी पुढेमागे होते. शिवाय मेंदूतल्या ज्या भागावर आठवण साठवण्याची भिस्त आहे, त्या हिप्पोकॅम्पसवरही त्याचा परिणाम होतो. म्हणजे ज्या स्मरणशक्तीसाठी तुम्ही लाखांनी फी भरता, तिचंच नुकसान तुम्ही स्वतः करताय.

पेपरात काय घडतं तेही ऐका. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत 180 मिनिटांत 180 प्रश्न. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकलं तर एक वजा. आकडेमोड करताना माणूस मनात एका वेळी मोजक्याच गोष्टी धरू शकतो. "नंबर नाही लागला तर बाबांना तोंड कसं दाखवू" हा विचार तिथे ठाण मांडून बसला, तर भौतिकशास्त्राच्या गणिताला जागा कुठून राहणार? पोरगं विसरलेलं नसतं. त्या घटकेला त्याला आठवता येत नाही. या दोन गोष्टींतला फरक कळत नसेल, तर त्याला आळशी म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही.

मागून कोणीतरी कुजबुजलं, "थोडा ताण तर हवाच ना, सर?" हवा. मी नाही म्हणत नाही. 1908 साली यर्क्स आणि डॉडसन या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. काम अवघड असलं, तर विजेचा मध्यम झटका बसलेले उंदीर लवकर शिकले आणि जोराचा झटका बसलेले मागे पडले. तुमच्यातले निम्मे शेतकरी आहेत. पिकाला खताचा डोस जास्त झाला की पीक जळतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग लेकराच्या बाबतीतच ही अक्कल कुठे जाते?

आता कारणं बघू. अभ्यास अवघड आहे हे खरं, पण अभ्यासानं एवढी पोरं मोडत नाहीत. नीटला दरवर्षी वीस लाखांवर मुलं बसतात आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास आहेत. त्यातल्याही निम्म्याच सरकारी. सोळा-सतरा मुलांमागे जेमतेम एकाला जागा! हे गणित ठाऊक असूनही तुम्ही पोराला सांगता, "डॉक्टर झालास तरच आमचं जगणं सार्थकी लागलं." "तुझ्यासाठी दोन एकर विकले." शेत विकायचा निर्णय तुमचा होता. त्याचं ओझं त्याच्या खांद्यावर टाकू नका. त्याच्यासाठी दुसरी वाट घरात कधी उच्चारलीच जात नाही, म्हणून एका टेस्टचे मार्क त्याला अख्ख्या आयुष्याचा निकाल वाटतात.

क्लासवाल्यांनाही मी सोडणार नाही. मार्कांवरून पोरांच्या तुकड्या पाडू नका, त्यांना चारचौघांत अपमानित करू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये बजावलंय. सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगला घेऊ नये, अशी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं जानेवारी 2024 मध्येच आली. तरी आठवीपासून फाउंडेशन बॅच कोण शोधतं? "माझ्या पोराला टॉप बॅचमध्ये टाका" म्हणून हात कोण जोडतं? तुम्हीच ना?

आणि हे सगळं थट्टेवारी नेण्याजोगं नाही. 2022 या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आहे. राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा. आत्महत्येमागे एकच कारण नसतं, हे मला माहीत आहे. पण त्यातली किती लेकरं आधी काहीतरी बोलली असतील आणि त्यांना "नाटकं बंद कर" असं उत्तर मिळालं असेल, याचा विचार करा.

म्हणून नीट लक्षात ठेवा. परीक्षेपुरती धडधड होऊन पेपर संपल्यावर पोर जेवलं, हसलं, झोपलं, तर काळजीचं कारण नाही. पण दोन आठवडे झोप नाही, जेवण तुटलं, आवडीच्या गोष्टीत मन लागत नाही, मित्रांना टाळतं, वरचेवर छाती भरून येते आणि आता मरणार असं वाटतं, तर अंगारे-धुपारे, नजर काढणं बंद करा आणि मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन जा. "मी नसतो तर बरं झालं असतं" असं ते एकदा जरी बोललं, तर दोन आठवडे थांबू नका. त्याच दिवशी दाखवा, त्याला एकटं सोडू नका. 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास चालू आहे, फुकट आहे. हात मोडला तर लपवता का? मग हे का लपवता? चिंतेच्या आजारावर समुपदेशन आहे, औषधं आहेत, मुलं बरी होतात. "लोक काय म्हणतील" यावर मात्र कुठल्याही दवाखान्यात औषध नाही. ते तुम्हालाच सोडावं लागेल.

मागच्या बाकांवरच्या मुलांनो, तुम्हीही ऐका. रात्री दोनपर्यंत जागणं ही मर्दुमकी नाही. या वयात आठ तास झोप लागतेच, कारण दिवसा वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. आणि त्रास होत असेल तर दाबून ठेवायचा नाही. घरी बोलता येत नसेल, तर माझ्याकडे या. मी रागावतो, पण दार लावून घेत नाही.

पालकहो, पुढच्या सभेत मी मार्कांची यादी वाचणार नाही. प्रत्येकानं उभं राहून तीन गोष्टी सांगायच्या : आपलं पोर रात्री किती तास झोपतं, दिवसात काय खातं आणि अभ्यास सोडून तुमच्याशी शेवटचं काय बोललं. ही उत्तरं देता आली नाहीत, तर त्याच्या मार्कांबद्दल मला एक शब्दही विचारायचा नाही. आता घरी जा, आणि जाताना वाटेत त्याला कालच्या टेस्टचं विचारू नका.