शिल्लक वाचणारा काटा

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली आणि कुणीतरी हौसेने जपलेली एक प्रीमियर पद्मिनी डोळ्यांसमोर आणा. मालकाने डॅशबोर्डखाली हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचं मीटर बसवून घेतलंय. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या सिग्नलला गाडी स्लोवर उभी आहे आणि मीटर १७ दाखवतंय. एक भाग पेट्रोल पुरतं जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. म्हणजे १७ या आकड्याचा अर्थ हवा जास्त, पेट्रोल कमी. गॅरेजच्या भाषेत गाडी लीन चाललीय. पण घरी येऊन प्लग काढावा तर तो काळाकुट्ट, काजळीने माखलेला. प्लगचं म्हणणं अगदी उलट: पेट्रोल जास्त जातंय, गाडी रिच आहे.

आता विश्वास कुणावर ठेवायचा? बहुतेक जण मीटरवर ठेवतात. नवं आहे, महाग आहे, दशांशापर्यंत आकडा सांगतं. मग कार्बोरेटरचा स्क्रू फिरतो, पेट्रोल वाढतं आणि पुढच्या खेपेला प्लग आणखी काळा निघतो.

हा गोंधळ मीटरच्या नावामुळे होतो. नाव हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचं, पण इंजिनात शिरणारी हवा या मीटरने कधी पाहिलेली नसते आणि पेट्रोलही नाही. त्याचा सेन्सर बसतो धुराच्या पाइपात. सगळं जळून झाल्यावर ऑक्सिजन किती उरला, एवढंच तो चाखतो आणि त्यावरून मागे जाऊन अंदाज बांधतो.

लग्नातली पंगत उठल्यावर पत्रावळी बघून सांगावं, तसं हे आहे. पानोपानी भात उरलाय म्हणजे वरण कमी पडलं असणार. जाणत्या आचाऱ्याचा हा अंदाज बहुधा बरोबर येतो, पण त्यात दोन गोष्टी गृहीत असतात. पानावर उरलेला भात याच पंगतीचा आहे ही एक, आणि पानावर बसलेला माणूस खरंच जेवला ही दुसरी. मागाहून कुणी पानात भात टाकला, किंवा पाहुणा रुसून उपाशीच उठला, तर वरणाचा हिशेब साफ चुकतो. मीटरच्या बहुतेक खोट्या आकड्यांमागे यांतलंच एक कारण सापडतं.

पहिलं कारण पद्मिनीतच आहे. इंजिनाचा धूर पाइपातून सलग वाहत नाही, तो ठोक्याठोक्याने येतो. एक ठोका पुढे गेला की मागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. मॅनिफोल्ड आणि पाइप यांच्या जोडातलं गॅसकेट फाटलं असेल तर त्या क्षणी बाहेरची ताजी हवा आत ओढली जाते. इंजिनाशी तिचा काही संबंध नाही, पण सेन्सरपुढून ती जातेच. गॅरेजमधले लोक फटीतून धूर बाहेर येतो म्हणून फट शोधतात. हवा आत जाते ही गोष्ट पटकन ध्यानात येत नाही.

हे ताडायला फार सोपी युक्ती आहे. गाडी उभी ठेवून रेस द्यायची. तीन हजार आरपीएमला ठोके एकामागून एक इतके दाट येतात आणि धूर इतका वाढतो की आत शिरणारी हवा त्यात नगण्य ठरते. स्लोला १७ दाखवणारं मीटर रेसला १२ वर आलं आणि प्लग काळा असेल, तर कार्बोरेटरला हात लावण्याआधी जोड तपासावेत. इनटेककडून हवा ओढली जात असली तरीही स्लोला लीन दिसतं हे खरं. मात्र तेव्हा इंजिन खरोखरच लीन असतं, प्लग पांढुरका निघतो आणि स्लो स्थिर राहत नाही.

दुसरं कारण उपाशी उठलेल्या पाहुण्याचं. एखादा सिलिंडर मिसिंग मारत असला की त्याच्या वाटचं पेट्रोल आणि हवा दोन्ही न जळता पाइपात येतात. सेन्सर ऑक्सिजन ओळखतो, कच्चं पेट्रोल त्याला फारसं कळत नाही. मग पाइपाला पेट्रोलचा वास येतोय आणि मीटर लीन ओरडतंय, असं विचित्र दृश्य दिसतं. दोष असतो प्लगचा, वायरचा नाहीतर कॉइलचा.

नव्या इंजेक्शनच्या गाडीत मामला अधिक फसवा होतो. तिथे कंपनीचा स्वतःचा सेन्सर असतो आणि कॉम्प्युटर त्याच्या शब्दावर पेट्रोल कमी-जास्त करतो. फट दोन्ही सेन्सरांच्या आधी असेल तर कॉम्प्युटरला गाडी लीन वाटते, तो पेट्रोल वाढवत जातो आणि वरून लावलेलं मीटर छान १४.७ दाखवत राहतं. ॲव्हरेज मात्र घसरलेलं असतं. इथे मीटर बघून काही कळायचं नाही. स्कॅनर लावून कॉम्प्युटर किती पेट्रोल वरून ओततोय ते पाहावं लागतं.

याच्या उलट, काही वेळा मीटर खरं बोलतं आणि आपणच घाबरतो. पुलाच्या उतारावर पाय उचलला की इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल काही क्षण पूर्ण बंद होतं. पाइपात नुसती हवा येते आणि आकडा वरच्या टोकाला जाऊन बसतो. त्यात बिघाड काही नाही.

बसवण्याचे नियमही शिल्लक वाचण्यातूनच येतात. सेन्सरचे आटे १८ मिलिमीटरचे असतात. त्यासाठी पाइपाला भोक पाडून नट वेल्ड करायचा, तो चारही सिलिंडरांचा धूर एकत्र आल्यावर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, कारण कन्व्हर्टर उरलेला ऑक्सिजनही खाऊन टाकतो. सेन्सर आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर कललेला हवा. थंड पाइपात धुराचं पाणी साचतं आणि आतलं सिरॅमिक जवळपास ७८० अंश सेल्सियसला तापलेलं असतं; थेंब पडला की ते तडकतं. हीटरला वीज इग्निशनच्या फ्यूजवरून द्यावी, रेडिओच्या वायरवरून नको, आणि अर्थिंग गंजलेल्या पत्र्यावर तर मुळीच नको. मीटर बंद ठेवून नुसता सेन्सर पाइपात राहू दिला तर थंड सेन्सरवर काजळी बसून तो मरतो. ज्या मीटरला मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करावं लागतं, त्याचं ते काम सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उरकू नये. तिथली हवा मोकळी नसते.

जोड सिलिकॉनने भरण्याची सवयही इथे घातक, त्याच्या वाफा सेन्सर निकामी करतात. शिसंही तसंच. मुंबईसह चार महानगरांत कन्व्हर्टरवाल्या नव्या गाड्यांसाठी शिसंविरहित पेट्रोल १९९५ च्या एप्रिलमध्ये आलं, देशभर सगळीकडे २००० च्या फेब्रुवारीत. पद्मिनीच्या भर तारुण्यात असा सेन्सर या शहरात फार दिवस जगला नसता. तेव्हाचे मिस्त्री प्लगचा रंग बघून ट्यूनिंग करत आणि त्या रंगाला बाहेरच्या हवेची भेसळ लागत नसे.

पंपावर कोणतं इंधन भरलं हेही मीटरला ठाऊक नसतं. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला पुरतं जळायला साधारण साडेतेरा भाग हवा पुरते, सीएनजीतल्या मिथेनला १७ च्या वर लागते. तरीही दोन्हींत काही कमी-जास्त उरलं नाही की मीटर १४.७ च दाखवतं. शिल्लक शून्य, एवढाच त्याचा अर्थ, १४.७ हे त्याच्या पाटीवर लिहून ठेवलेलं साध्या पेट्रोलचं भाषांतर. म्हणून जाणकार आकड्याऐवजी लॅम्बडा वाचतात. लॅम्बडा १ म्हणजे पुरेपूर जळलं, इंधन कोणतंही असो.

पद्मिनीच्या जोडाभोवती, थंड इंजिनावर टॉर्च मारून पाहिलं, तर काजळीची एक बारीक काळी रेघ दिसते. गॅसकेट बदललं की स्लोचा आकडा १७ वरून थेट ११ च्या घरात येतो. आता मीटरच्या भरवशावर दीड फेरा सोडलेला कार्बोरेटरचा स्क्रू पुन्हा आवळायचा आहे, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने, प्रत्येक वेळी प्लग काढून बघत.