चुकलेली निवड

दोन वर्षांपूर्वी मी अमेरिकेत पोर्टलंड येथे माझ्या भाच्याकडे महिनाभर राहिलो होतो. गाव देखणे आहे. नदी आहे, नदीवर पुलामागून पूल आहेत. पण हिवाळाभर पावसाची रिपरिप अशी की संध्याकाळी घराबाहेर पडणे नको वाटावे. तेव्हा भाच्याचे दोन शेजारी गप्पांना येत. एक निवृत्त शिक्षक, दुसरा पस्तिशीतला तरुण. दोघेही त्या गावच्या ‘ट्रेल ब्लेझर्स’ या बास्केटबॉल संघाचे निस्सीम भक्त. एके दिवशी संघाने घेतलेल्या एका नवख्या खेळाडूवरून विषय निघाला. हा घेतला ते बरे झाले की वाईट? पाहता पाहता बोलणे १९८४ सालापर्यंत मागे गेले. भाचा माझ्या कानाशी लागून म्हणाला, “मामा, आता चहा थंड होणार.” आणि तो झालाच.

वाचकांपैकी ज्यांना या खेळाची फारशी माहिती नाही, त्यांच्यासाठी चार शब्द सांगायला हवेत. तिकडचे व्यावसायिक संघ दरवर्षी नव्या खेळाडूंतून पाळीपाळीने एकेक निवडतात. या निवडीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. दुबळ्या संघाला आधी पाळी, असा साधारण न्याय. पण पाळ्यांची देवघेवही चालते. अशाच एका जुन्या देवघेवीतून पोर्टलंडच्या हाती १९८४ साली वरच्या दोन पाळ्यांपैकी एक आली होती. पहिली कोणाची हे तेव्हा नाणे उडवून ठरे. नाणे ह्यूस्टनच्या बाजूने पडले. ह्यूस्टनने हकीम ओलाजुवॉनला घेतले. दुसरी पाळी पोर्टलंडची. त्यांनी सॅम बोवी या सात फूट एक इंच उंचीच्या तरुणाला घेतले. तिसऱ्या पाळीला शिकागोने जो मुलगा उचलला, त्याचे नाव मायकेल जॉर्डन.

पुढची कथा जगाला ठाऊक आहे. जॉर्डनने शिकागोला सहा अजिंक्यपदे मिळवून दिली. त्यांतले १९९२ सालचे तर अंतिम फेरीत पोर्टलंडलाच हरवून. बोवीचे पहिले वर्ष चांगले गेले. मग त्याचे पाय पुन्हा पुन्हा मोडू लागले. पाच हंगामांत मिळून ४१० सामने होते. त्यांतले तो १३९ खेळला. १९८९ साली संघाने त्याला दुसरीकडे देऊन टाकले.

शिक्षक त्या निवडीची बाजू घेत होते. त्यांचे म्हणणे असे, की जॉर्डनच्याच जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर संघाने आदल्याच वर्षी घेतला होता. उणीव होती ती उंच माणसाची. संघाचे एकुलते एक अजिंक्यपद १९७७ सालचे, आणि ते बिल वॉल्टन या उंच खेळाडूच्या बळावर मिळालेले. शिकागोवाल्यांनाही त्या दिवशी उंच माणूसच हवा होता. तो उरला नाही म्हणून त्यांनी जॉर्डनला घेतले. “त्या दिवशी जेवढा उजेड होता, तेवढ्यात पाहा,” असे ते पुन्हा पुन्हा सांगत.

तरुण मात्र ऐकेना. त्याची स्वतःची जखम २००७ सालची. शाळकरी वयात त्याने पाहिले होते, की पहिली पाळी मिळूनही संघाने केविन ड्युरँटला सोडले आणि ग्रेग ओडेन हा आणखी एक उंच मुलगा घेतला. ओडेनचा पहिला हंगाम गुडघ्यावरच्या शस्त्रक्रियेत गेला. पोर्टलंडसाठी तो सगळे मिळून ८२ सामने खेळला, म्हणजे एका हंगामात असतात तेवढेच. तरुण म्हणाला, “उजेड नव्हता कसा? नडगीच्या हाडामुळे बोवीची कॉलेजातली दोन वर्षे वाया गेली होती. हे सर्वांना माहीत होते!”

मी ऐकत होतो, आणि मला वाटत होते, की हा वाद बास्केटबॉलपेक्षा पुष्कळ जुना आहे. कर्म आणि फळ यांची फारकत करायला आपल्याकडे शतकानुशतके शिकवले गेले. तरीही व्यवहारात आपण फळ चाखूनच कर्माला नाव ठेवतो. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी नेमके याच गाठीवर बोट ठेवले. ब्रेक न तपासता गाडी हाकणारे दोघे आहेत असे समजा. एक सुखरूप घरी पोहोचतो. दुसऱ्याच्या वाटेत मूल येते. हयगय दोघांची सारखीच. पण जन्मभर गुन्हेगार ठरतो तो एकच. मग आपण दोष कशाला देतो, हयगयीला की दैवाला? शिक्षकांचा न्याय बुद्धीला पटतो, पण ज्याने पराभवाची वर्षे सोसली त्याच्या मनाला तो पटत नाही. आणि त्या मनालाही अगदीच खोटे म्हणता येत नाही.

तेवढ्यात तरुणाने एक गोष्ट सांगितली, आणि खोलीतले वारेच बदलले. निवडीपूर्वी पोर्टलंडच्या डॉक्टरांनी बोवीची कसून तपासणी केली होती. नडगीवर लहानशी हातोडी मारून ते विचारीत, दुखते का? तो म्हणे, नाही. प्रत्यक्षात दुखत होते. हे त्यानेच पुढे, २०१२ साली, एका माहितीपटात उघडपणे सांगितले. आपल्या माणसांच्या गरजा होत्या, असेही त्याने म्हटले.

शिक्षक बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तेवीस वर्षांचा होता.”

मला दोघांचेही पटले. खोटे ते खोटेच. तेवीस वर्षांच्या वयाने ते खरे होत नाही. पण दोन वर्षे कुबड्यांच्या सोबतीत काढलेल्या मुलासमोर दार उघडते आहे, आणि ‘दुखते’ या एका शब्दाने ते मिटणार आहे. अशा वेळी आपण स्वतः काय म्हटले असते, याची खात्री मला देता येत नाही. या एका निवडीत निवडणाऱ्यांचा हिशेब होता, निवडल्या गेलेल्याची लपवाछपवी होती, आणि कोणाच्याच हाती नसलेले एक हाड होते. तिन्हींचा भार निरनिराळा तोलायला हवा. लोकांनी मात्र तिन्ही धागे पिळून एकच दोर केला आणि तो एका माणसाच्या गळ्यात अडकवला. ‘सॅम बोवी’ हे नाव चुकीचेच दुसरे नाव होऊन बसले. वस्तुतः हा माणूस अनेक शस्त्रक्रिया सोसून दहा हंगाम व्यावसायिक खेळ खेळला. पोर्टलंडने ज्याच्या मोबदल्यात त्याला दिले, त्या बक विल्यम्ससह संघ १९९० आणि १९९२ साली अंतिम फेरीत पोहोचला. आणि जॉर्डनच्या आधी आपले नाव पुकारा, असे बोवीने कोणाला सांगितले नव्हते.

निवड चुकू शकते. ती चुकली असे म्हणण्याचा हक्क, ज्यांनी तिचे परिणाम भोगले त्यांना आहे. पण बोलता बोलता ‘निवड चुकली’ याचे ‘हा माणूस चुकला’ असे कधी होते, हे आपले आपल्याला कळत नाही.

माझ्या एका काकांचे किराणा मालाचे दुकान होते. थोरल्याला वकील केले आणि धाकट्याला गल्ल्यावर बसवले, ही आपली मोठी चूक झाली. उलट करायला हवे होते, असे ते गिऱ्हाइकांनाही सांगत. हेतू वाईट नसे. ते स्वतःलाच दोष देत. धाकटा तिथेच साखरेची पुडी बांधत असे. त्याचा हात क्षणभर थांबे, आणि पुन्हा दोरा गुंडाळू लागे.

दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती माणसे जमली, की जुन्या निवडींचे हिशेब हमखास निघतात. कोणती जागा घ्यायला हवी होती, कोणते स्थळ होकारायला हवे होते, कोणत्या मुलाला कोणत्या वाटेला लावायला हवे होते! निघू द्यावेत, तेवढाच गप्पांना रंग चढतो. फक्त आपला आवाज आतल्या कोणत्या खोलीपर्यंत पोहोचतो आहे, आणि तिथे कोणाचा हात थांबला आहे, तेवढे मात्र पाहावे.